परसबागेतील मडके

सोलापूर जिल्ह्यात पाऊस सरासरी ५५० मिलिमीटरांच्या आसपास, तोही बेभरवशाचा. उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचीच ओढ असता परसातील वेलांस रोज घागरी ओतणे कोणास परवडेल? अशा घरी विद्यार्थ्यांकरवी भाजक्या मातीचे मडके अवश्य पुरवावे. मडके नवे व रंग न दिलेले असावे. शेणखत मिसळलेल्या मातीत ते गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरावे आणि सभोवती दोडका वा काकडीच्या बिया टोकाव्यात. बी रुजेपर्यंत वरून थोडे पाणी शिंपडावे. पुढे माती सुकेल तसे मडक्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी मुळांशी पाझरते. माती ओली असता पाझर मंदावतो. क्षारांनी छिद्रे बुजल्यास मडके बदलावे. झाकण विसरल्यास मात्र डासांचीच पैदास व्हावयाची! नहाणीचे साबणाचे पाणी मडक्यात न ओतता शेवग्याच्या आळ्यात सोडावे.