जुनी हेलिऑस, नवा कॅमेरा

सोव्हिएत झेनिट कॅमेऱ्यांवर येणारी हेलिऑस ४४-२ ही ५८ मिमी, एफ/२ लेन्स जर्मन बायोटारच्या रचनेवर बेतलेली आहे. तिच्या एम४२ आट्यांची बैठक फिल्मपासून ४५.४६ मिमीवर असते. सोनी ई-माउंटमध्ये हे अंतर अवघं १८ मिमी. उरलेली साधारण साडेसत्तावीस मिमीची जागा अडॅप्टरची पोकळ नळी भरून काढते. निकॉन एफ-माउंटवर मात्र ते ४६.५ मिमी, त्यामुळे बिनकाचेच्या अडॅप्टरने दूरचा डोंगर स्पष्ट येतच नाही. लेन्सवर छिद्राची दोन कडी आहेत: एकावर आकडा ठरवायचा, दुसरं फिरवून पाती मिटायची. फोकस एफ/२ वरच साधावा. मागची पानं भोवऱ्यासारखी फिरलेली दिसतात, तीही छिद्र पूर्ण उघडं असतानाच. या लेन्सची खरी मजा तीच!