काडीला मज्जाव, मोटारीला परवाना

वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या) सावनेरसारख्या भूमिगत खाणीत उतरण्याआधी अंगझडती होते. बिडी, काडेपेटी, लायटर सगळं वरच ठेवायचं. मग खाली 550 व्होल्टच्या मोटारी कशा चालतात? स्विच तुटताना ठिणगी उडतच असेल की!

उडते. नियम ते धरूनच चालतात.

कोळशातून मिथेन झिरपतो. हवेत तो 5 ते 15 टक्के झाला की ठिणगी पुरते. नियमाने रेघ त्याच्या बरीच अलीकडे ओढली आहे: 1.25 टक्के. त्यापुढे आकडा गेला की त्या भागाची वीज तोडायची, माणसं बाहेर काढायची. कोळसा किती निघाला, हे मग बघू.

आता हे स्विच ज्या पेटीत बसवतात ती पेटी. खाणीत तिला 'एफएलपी' म्हणतात, म्हणजे फ्लेमप्रूफ. नावावरून ती हवाबंद वाटते, पण तशी ती नसते. गॅस आत शिरणार, एखाद्या दिवशी पेटणारही, असं मानूनच ती घडवलेली असते. भिंती जाड, आणि झाकण जिथे पेटीवर बसतं तिथे रुंद, गुळगुळीत कड: फ्लँज. आत भडका उडालाच तर तप्त वायू या अरुंद फटीतून बाहेर पडता पडता धातूला उष्णता देऊन निवतो. बाहेरचा गॅस पेटवायची ताकद त्याच्यात उरत नाही. प्रयोगशाळेत मिथेनसाठी ही फट 1.14 मिलिमीटरपर्यंत चालते. खाणीत त्याहून बरीच कमी ठेवतात. इलेक्ट्रिशियन फीलर गेजची पातळ पाती झाकणाभोवती फिरवतो. जाऊ नये तिथे पाती आत गेली, की पेटी बाद. म्हणून फ्लँजवर ओरखडा नको, गंज नको, आणि हौसेने फासलेला रंग तर नकोच.

फेसवरच्या, म्हणजे जिथे कोळसा काढतात तिथल्या, यंत्राची केबल मात्र दगड-कोळशावरून फरफटत असते. माझ्या मते खरी जोखीम इथेच आहे. म्हणून यंत्र चालवणाऱ्याने ती दर पाळीत तपासायची. केबलमध्ये वीज नेणाऱ्या तारांसोबत एक बारीक पायलट तार असते. तिची पिन प्लगमध्ये मुद्दाम आखूड ठेवतात. कुणी चालू प्लग ओढलाच तर पायलट आधी सुटतो, केबलला वीज देणाऱ्या स्विचपेटीतला (गेट-एंड बॉक्समधला) काँटॅक्टर पडतो, म्हणजे वीज तुटते, आणि मोठ्या पिना सुटेपर्यंत त्यांत वीजच नसते. हातातल्या ड्रिलला तर 125 व्होल्टपेक्षा जास्त देतच नाहीत. केबल चिरडून वीज जमिनीत उतरली, तरी तो प्रवाह 750 मिलिअँपियरच्या आत राहील अशी अर्थिंगची रचना असते.

हे सारं केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत आणि 2017 च्या कोळसा खाण विनियमांत लिहिलेलं आहे. पाहणी धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे. पण झाकणाचा एक बोल्ट जरी गायब असला, तरी ती पेटी फ्लेमप्रूफ राहत नाही, आणि ते बघायला धनबादहून रोज कुणी येत नाही. ते काम पाळीवरच्या इलेक्ट्रिशियनचं.