बालमस्तिष्क अर्बुदोत्तर बोधनदोष

बालपणी मेंदूत झालेल्या अर्बुदावर (कोशिकांच्या अनियंत्रित वाढीमुळे होणाऱ्या गाठीवर) उपचार झाल्यानंतर अवधान, स्मृती, विचारांचा वेग व कामाची आखणी करण्याची शक्ती यांत राहणाऱ्या किंवा पुढे उद्भवणाऱ्या उणिवांना ही संज्ञा लावतात. बालवयातील घन अर्बुदांत मेंदूच्या अर्बुदांचे प्रमाण सर्वाधिक आहे. आधुनिक उपचारांमुळे यांतील पुष्कळ मुले प्रौढ वयापर्यंत जगतात. त्यामुळे प्राण वाचल्यानंतरच्या जीवनाचा प्रश्न महत्त्वाचा ठरला आहे.

निमस्तिष्कात (लहान मेंदूत) उद्भवणारे मेड्युलोब्लास्टोमा हे मारक अर्बुद याचे ठळक उदाहरण होय. पर्सिव्हल बेली व हार्वी कुशिंग यांनी १९२५ मध्ये त्याचे वर्णन केले. त्याच्या कोशिका मस्तिष्क-मेरुद्रवातून पसरत असल्याने केवळ गाठ काढणे पुरेसे होत नाही. साधारणतः तीन वर्षांवरील मुलांत संपूर्ण मेंदू व मेरुरज्जू यांवर प्रारण (किरण) चिकित्सा करावी लागते. ईडिथ पॅटर्सन व फार यांनी या पद्धतीचे मँचेस्टर येथील अनुभव १९५३ मध्ये प्रसिद्ध केले. मात्र ज्या उपचाराने मूल वाचते, त्यानेच त्याच्या वाढत्या मेंदूस इजा पोहोचते.

कारणे : अर्बुदामुळे मस्तिष्क-मेरुद्रवाचा मार्ग अडून जलशीर्ष होते व मेंदूवर दाब पडतो. निमस्तिष्कावरील शस्त्रक्रियेनंतर सु. २५% मुलांची वाचा काही काळ बंद पडते. अशा मुलांत पुढील बोधनदोष अधिक आढळतात. प्रारणामुळे मेंदूच्या विविध भागांना जोडणाऱ्या श्वेत द्रव्याची वाढ खुंटते आणि संदेशवहन मंदावते. उपचाराच्या वेळचे वय जितके कमी व प्रारणाची मात्रा जितकी अधिक, तितकी हानी मोठी. काही औषधांमुळे येणारा बहिरेपणा आणि हॉर्मोनांची न्यूनता यांमुळे तीत भर पडते.

लक्षणे : पूर्वी शिकलेले सहसा पुसले जात नाही, नवे शिकण्याचा वेग कमी होतो. त्यामुळे समवयस्कांशी तुलना करून काढलेला बुद्धिगुणांक वर्षागणिक घटत जातो आणि उपचारानंतर लगेच सर्वसाधारण वाटणारे मूल काही वर्षांनी मागे पडलेले दिसते. फळ्यावरील मजकूर वेळेत उतरविता न येणे, सूचनांच्या मालिकेतील पहिलीच लक्षात राहणे, काम सुरू करण्यास वा एका कामातून दुसऱ्याकडे वळण्यास अडचण येणे, ही नेहमीची लक्षणे होत. माध्यमिक शाळेत स्वतंत्र अभ्यासाची अपेक्षा वाढते तेव्हा ती ठळक होतात. बोलणे व सामान्य समज पुष्कळदा चांगली असल्याने हा आळस किंवा हट्टीपणा आहे, असा पालक-शिक्षकांचा गैरसमज होतो.

प्रतिबंध : रासायनी चिकित्सेची जोड दिल्यास मध्यम धोक्याच्या मेड्युलोब्लास्टोमात संपूर्ण मेंदू व मेरुरज्जू यांवरील मात्रा ३६ ग्रेवरून (ग्रे हे शोषित प्रारणाचे एकक) २३·४ ग्रेपर्यंत उतरविता येते. लहान मुलांत ती १८ ग्रेपर्यंत आणण्याच्या प्रयोगात मात्र जगण्याचे प्रमाण घटले, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांवरून दिसून आले. सु. तीन वर्षांखालील मुलांत शक्यतो प्रारण टाळतात किंवा लांबणीवर टाकतात. प्रोटॉन झोतामुळे गाठीपलीकडील निरोगी भागास कमी प्रारण मिळते.

पुनर्वसन : उपचारापूर्वी वा लगेच नंतर आणि पुढे ठराविक काळाने मानसशास्त्रीय चाचण्या घेणे आवश्यक असते, कारण एकाच चाचणीतून घसरण कळत नाही. मिथिलफेनिडेट या औषधाने काही मुलांचे अवधान सुधारते. संगणकावरील सरावाने क्रियाशील स्मृतीत सुधारणा आढळली आहे. रोजच्या व्यवहारात सर्वांत उपयोगी पडतात ते साधे उपाय : एका वेळी एकच सूचना, लिखित कार्यक्रम, टिपणे पुरविणे, पुढचे बाक, वाढीव वेळ. भारतातील २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी परीक्षेत जादा वेळ व लेखनिक यांची तरतूद आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात उपचार संपलेल्या मुलांसाठी स्वतंत्र पाठपुरावा चिकित्सालय १९९१ पासून आहे. हे दोष उशिरा प्रकट होत असल्याने गाठ बरी झाल्यानंतरही निदान शालेय शिक्षण पूर्ण होईपर्यंत देखरेख चालू ठेवावी लागते.