दुधाच्या दाताचा ठणका आणि उपचाराची मुदत
(बालकांचे आरोग्य : लेखांक सातवा)

दुधाचे वीस दात कोणत्या क्रमाने उगवतात आणि त्यांना कीड कशी लागते, याचा विचार मागील लेखांकात केला. तोंडातील सूक्ष्म जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात, ते आम्ल दाताच्या कवचातील खनिज द्रव्ये विरघळवीत राहते, आणि ही क्रिया महिनोन्‌महिने मुकाट्याने चालल्यावर एखाद्या रात्री मूल गालावर हात दाबून रडत उठते. त्या रात्री घरात जे वाक्य बहुधा उच्चारले जाते, त्याचा परामर्श आजच्या लेखांकात घ्यावयाचा आहे. ‘दुधाचाच दात आहे, आज ना उद्या पडणारच,’ हे ते वाक्य होय. ते उच्चारणाऱ्या आजीच्या किंवा वडिलांच्या ठायी ममतेचा अभाव असतो असे मुळीच नाही. कोवळ्या जिवाला सुई टोचण्याचा प्रसंग टळला तर बरे, ही ममताच त्या वाक्याच्या मुळाशी असते. तथापि जे दुखणे अर्ध्या तासाच्या उपचाराने मिटले असते ते इस्पितळात भूल देऊन करावयाच्या शस्त्रक्रियेपर्यंत जाते, ते या वाक्याच्या आधाराने घालवलेल्या दिवसांमुळेच, हे नि:संदिग्धपणे सांगणे मला अवश्य वाटते.

दात पडणार हे खरे. परंतु तो केव्हा पडणार, हा प्रश्न त्या वाक्यात कोणी विचारीत नाही. समोरचे दात सहाव्या-सातव्या वर्षी हलू लागतात म्हणून सगळ्याच दुधाच्या दातांची मुदत तेवढीच असते असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ज्या दाढांना कीड अधिक लागते, त्यांतील मागची दाढ दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहावयाची असते. म्हणजे चार वर्षांच्या मुलाची ती दाढ दुखू लागली, तर तिच्यापुढे अजून सहा ते आठ वर्षांची चाकरी शिल्लक असते. आणि याच वर्षांत मुलाला भाकरी चावावयाची असते, अंगाने वाढावयाचे असते, शाळेत लक्ष देऊन बसावयाचे असते. शिवाय या दाढेच्या मुळांच्या बेचक्यात कायमच्या दाताचा अंकुर आकार घेत असतो. वरच्या दाढेतील पू खाली उतरला, तर त्या अंकुराच्या कवचावर व्रण उमटतो आणि पुढे कायमचा दातच डागाळलेला, खडबडीत उगवतो. दाढ अकाली काढावी लागली, तर शेजारचे दात मोकळ्या जागेत सरकतात आणि हक्काची जागा हरवलेला नवा दात वाकडातिकडा येतो.

दुधाच्या दाताच्या घडणीतच घाई करावयाचे दुसरे कारण आहे. त्याचे कवच कायमच्या दाताच्या मानाने सुमारे निम्म्या जाडीचे असते आणि आतील मज्जा, म्हणजे चेतातंतू व रक्तवाहिन्या असलेला सजीव भाग, प्रमाणाने मोठा व पृष्ठभागाच्या जवळ असतो. त्यामुळे मोठ्या माणसाच्या दाढेत कीड ज्या वेगाने खोल जाते त्याहून पुष्कळ अधिक वेगाने ती मुलाच्या दाढेत मज्जेपर्यंत पोहोचते. ‘परीक्षा संपल्यावर पाहू’ किंवा ‘दिवाळीच्या सुटीत जाऊ’ हा हिशेब प्रौढाच्या दाताला एक वेळ परवडेल; बालकाच्या दाताला तो परवडत नाही.

दुखण्याच्या पायऱ्या ओळखता आल्या, तर उपचाराची तातडी आपोआप ध्यानात येते. पहिल्या पायरीवर गोड किंवा थंड खाल्ले की क्षणभर कळ येते आणि खाणे थांबले की तीही थांबते. मज्जा अद्याप शाबूत असते. कीड साफ करून सिमेंट भरले की काम भागते, आणि पुष्कळदा त्यासाठी सुईचीही गरज पडत नाही. दुसऱ्या पायरीवर काही न खाताही दाढ ठणकते आणि रात्री झोपल्यावर ठणका वाढतो. मज्जेला सूज आल्याचे हे चिन्ह होय. सूज वरच्या भागापुरती असेल तर तेवढाच भाग काढून मुळांतील सजीव मज्जेवर औषध ठेवतात. ती मुळांपर्यंत उतरली असेल तर मुळे साफ करून भरतात, ज्याला लोक मुलाचे रूट कॅनल म्हणतात. आणि दोन्ही प्रकारांत दाढेवर पोलादी टोपी बसवून ती तिच्या नैसर्गिक मुदतीपर्यंत टिकवतात. तिसऱ्या पायरीवर हिरडीवर पुळी येते, पू झिरपतो, कधी गाल सुजतो. येथे दात वाचेलच असे सांगता येत नाही. तो काढावा लागला, तर जागा राखण्यासाठी तारेचे लहानसे साधन बसवावयाचे की नाही, हे वैद्याला त्याच वेळी विचारून घ्यावे.

या दुसऱ्या आणि तिसऱ्या पायऱ्यांच्या दरम्यान एक फसवा मुक्काम आहे, आणि सर्वाधिक कालहरण तेथेच होते. दोन-चार रात्री रडून काढल्यावर दाढ एकाएकी दुखायची थांबते; घरातले सुटकेचा नि:श्वास टाकतात आणि दवाखान्यात जाण्याचा बेत तहकूब होतो. वस्तुत: दुखणे बरे झालेले नसते, वेदना कळवणारी मज्जाच मेलेली असते, आणि तिच्या रिकाम्या झालेल्या कोठडीत जंतूंची वाढ अनिर्बंध सुरू झालेली असते. औषधाशिवाय थांबलेली दाढदुखी ही दुखत्या दाढेइतकीच, किंबहुना अधिक, तातडीची बाब समजावी.

लहान मुलाला दुखणे नेमके सांगता येत नाही, हीही अडचण आहे. तीन वर्षांचे मूल खालच्या दाढेच्या दुखण्यासाठी कानाकडे बोट दाखवते आणि आईबाप कानाचे औषध आणतात. म्हणून ज्या मुलाने अलीकडे एकाच बाजूने चावावयास सुरुवात केली आहे, भाकरी टाकून वरणभात मागावयास सुरुवात केली आहे, दात घासताना एका जागी ब्रश लागू देत नाही किंवा रात्री कारणावाचून उठते, त्याचे तोंड दिवसाच्या उजेडात उघडून पाहावे. दाढांच्या मधल्या फटीत तपकिरी छटा किंवा हिरडीवर पांढरट पुळी दिसली, की दुसऱ्या पुराव्याची वाट पाहू नये.

दवाखाना उघडेपर्यंतची रात्र कशी काढावी, हेही सांगणे प्राप्त आहे. पॅरासिटामॉल हे औषध बहुतेक मुलांना निर्धोक आहे, परंतु ते वयावर न देता वजनावर द्यावे : एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान चार ते सहा तासांचे अंतर, आणि चोवीस तासांत चारहून अधिक मात्रा नाहीत. चौदा किलोच्या मुलाची एक मात्रा १४० ते २१० मिलिग्रॅमच्या दरम्यान येते. बाजारातील बाटल्यांत ५ मिलिलिटरमागे कोठे १२५, तर कोठे २५० मिलिग्रॅम औषध असते. म्हणून ‘एक चमचा’ या मापावर न विसंबता बाटलीवरील आकडा वाचून मगच हिशेब करावा. दातांत अडकलेले अन्न कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळांनी काढावे. सुजेवर बाहेरून गार पाण्याची घडी ठेवावी, शेक देऊ नये.

जे करू नये त्याची यादी मात्र अधिक ठळकपणे लक्षात ठेवावी. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये. निमेसुलाइड हे औषध बारा वर्षांखालील मुलांना देण्यास भारत सरकारने २०११ साली मनाई केली आहे; घरातील मोठ्यांसाठी आणलेली त्याची गोळी अर्धी करून मुलाला देणे हा गंभीर अपराध समजावा. लवंगेचे तेल जहाल असते, त्याने कोवळी हिरडी भाजते आणि ते पोटात गेल्यास अपाय होतो. आपल्या गावांतून अजूनही दुखऱ्या दातावर मिश्री दाबण्याचा प्रघात आहे. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू, आणि त्याच्या बधिरतेला मूल उपचार समजू लागले, तर त्याच्या आयुष्याला एका व्यसनाची वाट आपणच दाखवलेली असते. मागच्या आजारातील उरलेले प्रतिजैविक औषधही पाजू नये. ज्या कोठडीत पू साचला आहे तेथे रक्ताभिसरणच उरलेले नसल्यामुळे नुसत्या औषधाने दात बरा होत नाही. पुवाला वाट करून द्यावी लागते.

काही लक्षणे मात्र सकाळची वाट पाहू देत नाहीत. ताप असून गालाची सूज डोळ्याकडे चढू लागली, जबड्याखालचा भाग कडक झाला, तोंड उघडेना, लाळ गिळता येईना, श्वास घ्यावयास कष्ट पडू लागले किंवा मूल ग्लानीत जाऊ लागले, तर दंतवैद्याचा शोध न करता थेट मोठ्या इस्पितळाच्या अपघात विभागात मुलाला हजर करावे. दाढेतील पू मानेत उतरून श्वासमार्ग आवळू शकतो आणि क्वचित मेंदूपर्यंतही जाऊ शकतो.

हे भय अवास्तव नव्हे. अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात डिमॉन्टे ड्रायव्हर या बारा वर्षांच्या मुलाच्या दाताला गळू झाले. त्यातील जंतू मेंदूत गेले, मेंदूवर दोन शस्त्रक्रिया झाल्या, आणि २५ फेब्रुवारी २००७ रोजी तो मरण पावला. दात काढण्यास सुमारे ८० डॉलर लागले असते. इस्पितळातील उपचारांचा खर्च सुमारे अडीच लाख डॉलर झाला. त्याची आई निष्काळजी नव्हती. ती त्या सुमारास त्याच्या धाकट्या भावाच्या सहा किडक्या दातांसाठी सरकारी विम्यावर उपचार करणारा दंतवैद्य शोधीत होती, आणि कागदपत्रांच्या घोळात कुटुंबाचा विमाही खंडित झाला होता. या मृत्यूनंतर त्या राज्याला आपल्या व्यवस्थेत सुधारणा कराव्या लागल्या, आणि २००९ च्या केंद्रीय कायद्याने अमेरिकेच्या बालआरोग्य विमा योजनेत दंतोपचार अनिवार्य झाला. जगातील संपन्न देशाच्या राजधानीलगत हे घडू शकते, याचा अर्थ असा, की आईच्या तळमळीला व्यवस्थेची साथ मिळाली नाही तर ती तळमळ पुरी पडत नाही.

आपल्या राज्यात या बाबतीत काय तजवीज आहे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथेच झाला. त्याच्या विकारांच्या यादीत दंतविकारांचा समावेश आहे; फिरत्या पथकाने अंगणवाडीतील बालकांना वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांना एकदा तपासावे, व दोष आढळल्यास मोफत उपचारासाठी पुढे पाठवावे, अशी योजना आहे. मुंबईत सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये यांत बालदंतवैद्यकाचा स्वतंत्र विभाग आहे. ज्याच्या जिल्ह्यात असे महाविद्यालय नाही त्याने जिल्हा रुग्णालयाच्या दंत विभागापासून सुरुवात करावी.

तेथे गेल्यावर केसपेपरच्या खिडकीवर ‘दात दाखवायचा आहे’ एवढेच सांगू नये. मूल किती रात्री झोपलेले नाही, सूज आहे काय, ताप आला काय, कोणते औषध किती वाजता दिले, त्याचे वजन किती, हे कागदावर लिहून न्यावे आणि ‘मुलाला वेदना आहेत, आज तपासणी हवी’ असे स्पष्ट शब्दांत मागावे. पूर्ण उपचाराची तारीख लांबची मिळाली, तर ‘तोवर वेदना थांबवण्यासाठी आज काय करता येईल?’ हा दुसरा प्रश्न विचारावा. कारण त्याचे उत्तर जवळजवळ नेहमी असते. कीड उकरून तात्पुरते सिमेंट भरता येते, साचलेल्या पुवाला वाट करून देता येते, आणि जेथे मज्जेला अद्याप इजा नाही तेथे चांदीयुक्त फ्लोराइडचे द्रावण लावून कीड थोपवता येते. त्याने दाताचा किडका भाग काळा पडतो, पण पुढील उपचाराला अवधी मिळतो. मूल फारच लहान किंवा भेदरलेले असेल आणि सामान्य दंतवैद्याने हात लावण्यास असमर्थता दर्शवली, तर ते प्रकरण तेथेच संपले असे न समजता बालदंतवैद्याकडे शिफारसपत्र मागावे. पूर्ण भूल द्यावी लागणार असेल, तर आधी सहा तास अन्न, चार तास आईचे दूध आणि दोन तास पाणी बंद, हा दंडक काटेकोर पाळावा. तो मोडल्यामुळे शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली, तर मुलाच्या वेदनेची मुदतही तेवढीच वाढते.

कारभाऱ्यांपाशीही एक मागणे आहे. शाळेत येणारे पथक किडकी दाढ पाहून चिठ्ठी देते, ती चिठ्ठी दप्तरात राहते, आणि पुढील वर्षी तेच पथक त्याच दाढेची पुन्हा नोंद करते, असे जेथे घडते तेथे तपासणीचे आकडे भरतात परंतु मुलाचा ठणका कमी होत नाही. म्हणून प्रत्येक चिठ्ठीवर उपचाराचे ठिकाण व दिवस नोंदलेला असावा, त्या दिवशी मूल हजर झाले नाही तर आशाताईंमार्फत विचारणा व्हावी, आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या दंत विभागात दररोज काही जागा केवळ वेदनाग्रस्त बालकांसाठी राखून ठेवाव्यात. यासाठी नवे महाविद्यालय काढावे लागत नाही. बालकाच्या वेदनेला तक्रार न मानता मुदतीचा दावा मानावा लागतो.

तोवर पालकांनी स्वत:पुरता एक नियम करावा : दात दुखतो असे मुलाने म्हटले, की दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ उलटण्यापूर्वी त्याचे तोंड जाणकार माणसाने पाहिलेले असावे, मग दुखणे मध्येच थांबले असो वा नसो. आणि ज्यांच्या मुलाच्या दप्तरात मागील तपासणीची चिठ्ठी अजून पडून आहे, त्यांनी हा अंक बाजूला ठेवून आधी ती काढून वाचावी.

(पुढील लेखांक : सहाव्या वर्षी कोणताही दात न पडता मागे उगवणारी कायमची दाढ, आणि तिला दुधाची दाढ समजण्याने होणारी हानी.)