हेलसिंकी–टोकियो : तेरा तासांचा वळसा

शाळेच्या भिंतीवरच्या जगाच्या नकाशात हेलसिंकी आणि टोकियो पट्टीने जोडले, तर रेघ कझाकस्तान, मंगोलियावरून जाते. पृथ्वीच्या गोलावर याच दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो हेलसिंकीहून ईशान्येला चढतो, आर्क्टिक वृत्ताला जेमतेम ओलांडून उत्तर सायबेरियावरून फिरतो आणि मग जपानकडे उतरतो. लांबी सुमारे 7,800 किलोमीटर. फिनएअर या फिनिश कंपनीचं विमान ती साडेनऊ तासांच्या आसपास कापत असे. या दोऱ्यावरच कंपनीचा बराचसा धंदा उभा होता: युरोपातल्या प्रवाशाने हेलसिंकीला विमान बदलावं आणि सर्वांत जवळच्या वाटेने आशिया गाठावा.

फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेन युद्ध पेटलं. युरोपीय संघाने रशियन विमानांना आकाश बंद केलं, रशियाने लगेच परतफेड केली. मार्चमध्ये फिनएअर पुन्हा टोकियोला जाऊ लागली तेव्हा प्रवास तेरा तासांवर गेला होता.

हा आकडा कंपनीतल्या जुन्या लोकांच्या ओळखीचा. एप्रिल 1983 मध्ये याच कंपनीने, सोव्हिएत हद्द टाळत, उत्तर ध्रुवावरून टोकियोची विनाथांबा सेवा सुरू केली होती. बाकीच्या बऱ्याच युरोपीय कंपन्या तेव्हा अलास्कातल्या अँकरेजला इंधन भरायला उतरत. फिनएअरने जादा टाकी बसवलेलं तीन इंजिनांचं डीसी-10 वापरलं आणि तेरा तासांत जपान गाठलं. सोव्हिएत हद्द टाळणं किती गंभीर काम होतं, ते त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये दिसलं. अँकरेजहून सेऊलला निघालेलं कोरियन विमान वाट चुकलं, सोव्हिएत लढाऊ विमानाने ते पाडलं आणि 269 माणसं गेली.

चाळीस वर्षांत विमानं हलकी झाली, इंधन वाचवू लागली, पण वेळ फिरून तिथेच आला. आता पुन्हा ध्रुवावरून जाणारं एअरबस ए350 दोन इंजिनांचं आहे. ध्रुवाजवळ चुंबकीय होकायंत्राचा भरवसा नसतो, म्हणून दिशा भौगोलिक उत्तरेवरून धरतात. इंधनाच्या तापमानावर डोळा ठेवावा लागतो, कारण जेट ए-1 उणे 47 अंशांपर्यंतच गोठणार नाही याची हमी असते. ते फार थंड होऊ लागलं, तर वैमानिक उंची किंवा वेग बदलतो. प्रवाशांना मात्र ध्रुव ओलांडल्याचं प्रमाणपत्र मिळतं. त्रासाचं कौतुक करून घ्यायची ही रीत चतुरच म्हणायची!

ध्रुव हा एकच पर्याय नाही. दुसरी वाट तुर्कस्तान, कॉकेशस, कझाकस्तान आणि चीनवरून जाते. पश्चिमेकडून पूर्वेला वाहणारे उंचावरचे जोरदार वारे जपानकडे जाताना पाठीशी येतात, म्हणून जाताना बऱ्याचदा दक्षिणेची वाट धरतात आणि परतताना ध्रुवाची. रोजच्या वाऱ्याचा अंदाज पाहून वाट ठरते.

चिनी कंपन्यांना मात्र सायबेरिया आजही मोकळा आहे. युरोपकडे येणारी त्यांची विमानं जुन्या, जवळच्या वाटेनेच येतात. वेळ कमी, इंधन कमी, आणि ज्या वाटेवर हेलसिंकीने आपलं दुकान मांडलं होतं, ती वाट आता प्रतिस्पर्ध्याच्या हातात आहे.