पूर्वविवर्धकावाचून ध्वनिसंच : अंकीय परिवर्तकाच्या थेट जोडणीचा विचार

पूर्वविवर्धक हे उपकरण ध्वनिसंचात मुळात कशासाठी आले, याचे स्मरण ठेवले म्हणजे प्रस्तुत प्रश्नाचा निम्मा उलगडा होतो. ग्रामोफोनच्या चुंबकीय सुईपासून मिळणारा विद्युत् दाब अवघा ५ मिलिव्होल्टच्या आसपास असतो. शिवाय १९५४ पासून रूढ झालेल्या आरआयएए वक्रानुसार तबकडीवर खालचे स्वर दाबून व वरचे स्वर उचलून कोरलेले असतात. ते पूर्ववत करणे आणि दाब सुमारे १०० पट वाढविणे ही पूर्वविवर्धकाची खरी कामे होत. १९८२ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली आणि तिच्या वादनयंत्राकडून पूर्ण पातळीस २ व्होल्ट दाब मिळू लागला. आजचा अंकीय परिवर्तक, ज्यास व्यवहारात डॅक म्हणतात, बहुधा तोच दंडक पाळतो. संतुलित जोडणीत तो पुष्कळदा ४ व्होल्ट देतो. मग पूर्वविवर्धकाकडे उरले काय? निवडीचा खटका आणि आवाज कमीजास्त करण्याचे बटण, एवढेच. परिवर्तकातच आवाजाचे नियंत्रण असेल तर हे मधले उपकरण गाळावे, ही कल्पना सहजच सुचते. तत्त्वतः तीत काही वावगे नाही. तथापि हिशेब केल्यावाचून ती अमलात आणू नये.

हिशेब असा. ८ ओहमच्या ध्वनिक्षेपकास १०० वॉट शक्ती द्यावयाची तर त्याच्या टोकांवर २८.३ व्होल्ट दाब लागतो. शक्तिविवर्धकाचे विवर्धन २६ डेसिबल, म्हणजे २० पट, धरले तर त्यास १.४ व्होल्ट पुरतात. परिवर्तक तर २ व्होल्ट देण्यास सिद्ध आहे. म्हणजे प्रश्न दाब वाढविण्याचा नसून कमी करण्याचा आहे. किती कमी? २.८३ व्होल्टला १ मीटर अंतरावर ९० डेसिबल देणारा ध्वनिक्षेपक घेऊ. घरच्या खोलीत उत्कर्षबिंदू ९० डेसिबलपाशी ठेवावयाचे, तर विवर्धकास केवळ ०.१४ व्होल्ट हवेत. पूर्ण पातळीपेक्षा हे २३ डेसिबल खाली झाले. रात्री हलक्या आवाजात ऐकणारा ४० डेसिबलपर्यंतही उतरेल.

येथे नेहमीचा आक्षेप पुढे येतो : अंकीय पद्धतीने आवाज उतरविला की बिट गळतात. एक बिट म्हणजे सुमारे ६ डेसिबल. १६ बिटांच्याच चौकटीत ४० डेसिबल उतरल्यास साडेसहा बिटांवर पाणी सोडावे लागते, हे खरे. पण आजच्या परिवर्तकांत ही आकडेमोड २४ किंवा ३२ बिटांत होते. २४ बिटांच्या चौकटीत १६ बिटांचे संगीत ४८ डेसिबल खाली नेले तरी त्यातील एकही बिट बाहेर पडत नाही. शिवाय छाटणीपूर्वी योग्य प्रकारची यादृच्छिक खरखर, म्हणजे डिदर, मिसळली तर सर्वांत लहान पायरीहूनही सूक्ष्म संकेत टिकून राहतो, हे वॉटरलू विद्यापीठातील व्हॅन्डरकॉय व लिपशिट्झ यांनी १९८४ च्या निबंधात दाखविले आहे. बिटांचा आक्षेप आता बहुतांशी शिळा झाला आहे, असे आमचे मत आहे.

खरा आक्षेप निराळाच आहे, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. अंकीय नियंत्रण संकेतास लहान करते. परंतु त्यानंतरच्या सदृश मंडलाची खरखर मात्र होती तेवढीच राहते. २ व्होल्टच्या १०० डेसिबल खाली खरखर असलेला परिवर्तक घ्या. त्याची खरखर २० मायक्रोव्होल्ट. २० पट विवर्धनानंतर ४०० मायक्रोव्होल्ट. वरील ध्वनिक्षेपकापासून १ मीटरवर ती सुमारे १३ डेसिबल भरते. शांत खोलीत कान जवळ नेल्यासच ती जाणवेल. पण १०५ डेसिबल संवेदनशीलतेचा कर्ण्याचा ध्वनिक्षेपक असेल तर तीच २८ डेसिबल होते आणि दोन गतींमधील शांततेत स्पष्ट ऐकू येते. परिवर्तक १२० डेसिबलचा असल्यास दोन्ही आकडे २० ने उतरतात व तक्रार मिटते.

मधला उपाय अगदी स्वस्त आहे. परिवर्तक व विवर्धक यांच्यामध्ये २.२ किलोओहमचा रोधक ओळीत आणि १ किलोओहमचा जमिनीकडे जोडावा. साधारण १० डेसिबल क्षीणन मिळते. संकेत व खरखर दोन्ही एकत्र उतरतात आणि अंकीय नियंत्रणास वरच्या पातळीत काम करता येते. रोधकांची स्वतःची औष्णिक खरखर (जॉन्सन व नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये विशद केलेली) श्राव्य पट्ट्यात सुमारे ०.५ मायक्रोव्होल्ट, म्हणजे नगण्य. याउलट कोणी ५० किलोओहमचे फिरते बटण बसविले तर त्याचा निर्गम-रोध १२.५ किलोओहमपर्यंत जातो. मीटरला १०० पिकोफॅरड धारित्व असलेली ५ मीटरची केबल पुढे असेल, तर २० किलोहर्ट्झवर २ डेसिबलची घट होते. पूर्वविवर्धक काढल्याने नाद मंदावला असे सांगणाऱ्यांनी आधी हे तपासावे. परिवर्तकाचा स्वतःचा निर्गम-संरोध बहुधा शेकडो ओहमच असतो. १० किलोओहमचा विवर्धक त्यास जड नाही.

एकदिश दाबाविषयी थोडक्यात. पूर्वविवर्धकात बहुधा धारित्र असते व ते एकदिश दाब अडविते. ते गेले, आणि विवर्धकही धारित्रावाचूनचा असला, तर १० मिलिव्होल्टचे ध्वनिक्षेपकापाशी २०० मिलिव्होल्ट होतात. जोडणीपूर्वी मीटरने मोजून घेणे एवढेच करावयाचे.

सर्वांत गंभीर बाब मात्र सुरक्षिततेची आहे. नियंत्रण संगणकात असले की ते हाताखालच्या बटणासारखे जागच्या जागी राहत नाही. आमच्या प्रयोगशाळेत एकदा संगणक पुन्हा सुरू होताच आवाजाची पट्टी पूर्ण पातळीवर गेली आणि वरच्या स्वरांच्या ध्वनिक्षेपकाचे वेटोळे क्षणात जळाले. शेजारी वाकून बसलेला विद्यार्थी दिवसभर कानात शीळ घुमत असल्याचे सांगत होता. २ व्होल्ट थेट गेले तर विवर्धकाकडे २०० वॉटांची मागणी होते. तो आपल्या १०० वॉटांवर छाटला जाऊन विकृत संकेत सोडतो. तेच १० डेसिबलच्या क्षीणकातून गेल्यास २० वॉटांपलीकडे काही जात नाही. तेव्हापासून हे दोन रोधक आमच्या येथे केबलच्या जोडतोंडातच कायमचे झाळून बसविले जातात. तबकडी वाजवावयाची असेल, तर मात्र जुना पूर्वविवर्धक कपाटातून काढावाच लागतो.