समुद्राला न मिळणाऱ्या नद्या

नदी डोंगरात उगम पावते आणि शेवटी समुद्राला जाऊन मिळते, असे आपण प्राथमिक शाळेपासून शिकत आलो आहोत. आता नकाशाच्या पुस्तकात मध्य आशियाचे पान उघडा. चू, नारिन, सिरदर्या, झरफशान, अमुदर्या या नद्यांवरून एकेक करून बोट फिरवा. यांतील एकही नदी महासागरापर्यंत पोहोचत नाही. काही वाळवंटात जिरतात, तर काही बंदिस्त सरोवराला मिळतात. किंवा पूर्वी मिळत असत, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. तरीही समरकंद आणि बुखारा यांसारखी जुनी शहरे याच नद्यांच्या भरवशावर वाळवंटाच्या कडेला वसली आणि टिकली.

गेल्या वर्षी अकरा दिवसांच्या एका सहलीबरोबर या भागात जाण्याचा योग आला. सहलीच्या पत्रकात ‘पर्वत आणि प्राचीन नगरे’ असे ठळक अक्षरांत छापले होते. मी मात्र मनाशी ठरवले होते, की आपण पाण्याचा माग काढायचा.

सहलीची सुरुवात कझाकस्तानातील अल्माटी शहरातून झाली. शहराच्या पाठीशी तिएनशान पर्वताची एक रांग भिंतीसारखी उभी आहे. पहिल्याच सकाळी आम्हाला मेदेऊ येथील धरण पाहायला नेले. आठशेहून अधिक पायऱ्या धापा टाकीत चढून माथ्यावर पोहोचलो आणि पाहतो तो काय, धरणामागे पाणीच नाही! आमच्यातील काही जण हिरमुसले. परंतु हे धरण पाणी साठवण्यासाठी बांधलेलेच नाही. ते चिखल अडवण्यासाठी आहे.

हिमनदी वितळून मागे सरकते तेव्हा तिने वाहून आणलेल्या दगडगोट्यांचा बांध पुढे तसाच राहतो. वितळलेले पाणी त्या कच्च्या बांधामागे साठून तळे तयार होते. एखाद्या कडक उन्हाळ्यात तळे फुटले, की पाणी, माती आणि घराएवढ्या शिळा यांचा लोंढा दरीतून खाली धावतो. १९२१ साली अशा लोंढ्याने या शहरात मोठी प्राणहानी केली. म्हणून १९६६ आणि १९६७ साली दरीच्या दोन्ही बाजूंना हजारो टन स्फोटके उडवून डोंगराचाच भाग दरीत पाडण्यात आला आणि त्यातून हे धरण उभे राहिले. १९७३ सालच्या जुलै महिन्यात तुयुकसू हिमनदीच्या पुढचे तळे फुटले, तेव्हा सगळा लोंढा या धरणाने अडवला.

या तुयुकसू हिमनदीची मोजणी १९५७ सालापासून अखंड चालू आहे. पद्धत अगदी साधी आहे. बर्फात भोके पाडून खांब रोवायचे आणि दर वर्षी कोणता खांब किती उघडा पडला ते मोजायचे. हिवाळ्यात पडलेल्या हिमाची जाडीही मोजायची. जमा आणि खर्च यांचा ताळेबंद मांडला, की हिमनदी वाढते आहे की खंगते आहे ते कळते. १९६१ ते २०१२ या काळात तिएनशानमधील हिमनद्यांचे वस्तुमान सुमारे २७ टक्क्यांनी आणि क्षेत्रफळ सुमारे १८ टक्क्यांनी घटले, असा अंदाज २०१५ साली प्रसिद्ध झाला.

यात एक फसवी गोष्ट आहे. या भागातील मैदानांत उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ पडत नाही. पण ऊन जितके कडक तितके बर्फ अधिक वितळते. म्हणजे पिकांना पाण्याची गरज असते नेमक्या त्याच वेळी नद्या भरून वाहतात. बँकेतील ठेवीच्या व्याजावर घर चालावे तशी ही व्यवस्था आहे. आता व्याजाबरोबर मुद्दलही खर्च होऊ लागले आहे. मुद्दल मोडणाऱ्याच्या हाती काही काळ पैसा जास्तच खेळतो. तसेच हिमनद्या खंगू लागल्या की काही वर्षे नद्यांना पाणी वाढते, आणि मग ते कमी कमी होत जाते.

दुसऱ्या दिवशी सीमा ओलांडून आम्ही किर्गिझस्तानात शिरलो. येथून पुढे आमच्याबरोबर ज्या मार्गदर्शक बाई होत्या, त्या पूर्वी शाळेत भूगोल शिकवत असत. ‘डावीकडे पाहा, उजवीकडे पाहा’ एवढ्यावर त्यांचे भागत नसे. त्या मधूनच आम्हाला प्रश्नही विचारीत. बूम नावाच्या अरुंद घळीतून बस चालली होती. शेजारून चू नदी फेसाळत उलट दिशेने जात होती. बाई म्हणाल्या, “ही नदी इसिक-कुल सरोवराच्या अगदी जवळ येते, पण त्याला न मिळता वळसा घेऊन निघून जाते आणि कझाकस्तानच्या वाळूत संपते. आता सांगा, सरोवरात किती नद्या येतात आणि त्यातून किती बाहेर पडतात?” येणाऱ्या पुष्कळ आणि बाहेर पडणारी एकही नाही, हे उत्तर आम्हाला सरोवराचे पाणी जिभेवर ठेवल्यावर सापडले. ते किंचित खारट होते. पाण्याची वाफ होऊन जाते. नद्यांनी आणलेले क्षार मात्र मागे राहतात.

इसिक-कुल म्हणजे ‘उष्ण सरोवर’. ते समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर आहे आणि त्याच्या दोन्ही तीरांना हिमाच्छादित पर्वत आहेत. तरी ते हिवाळ्यात गोठत नाही. का बरे? पृष्ठभागावरचे पाणी थंड झाले की जड होते आणि खाली जाते. त्याच्या जागी खालचे उबदार पाणी वर येते. ही उलाढाल थांबल्याशिवाय पृष्ठभागावर बर्फ धरत नाही. उथळ तळ्यात ती लवकर थांबते. पण हे सरोवर साडेसहाशे मीटरपेक्षाही खोल आहे. एवढे पाणी पुरते निवेपर्यंत हिवाळाच संपून जातो! पाण्यातील क्षारांमुळे गोठणबिंदूही थोडा खाली जातो.

इ. स. ६३०च्या सुमारास चिनी प्रवासी ह्युएन त्संग हिमाच्छादित तिएनशान ओलांडून याच सरोवराच्या काठाने पश्चिमेकडे गेला. पुढे समरकंदमार्गे तो भारतात आला आणि फिरत फिरत दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात पोहोचला. महाराष्ट्राचे आणि तेथील मानी लोकांचे वर्णन आपण इतिहासात वाचतो, ते लिहिणारा हाच प्रवासी. त्याने पाहिलेले न गोठणारे पाणी समोर होते. मी बराच वेळ तेथून हललो नाही, आणि त्याबद्दल बसमधील मंडळींची बोलणीही खाल्ली.

बिश्केकहून ओशकडे जाणारा रस्ता तीन हजार मीटरपेक्षा उंच खिंडीतून जातो. तो ओलांडून खाली उतरलो, की निळेशार तोक्तोगुल जलाशय दिसतो. नारिन नदीवरचे हे धरण २१५ मीटर उंच आहे आणि येथील वीजकेंद्राची मूळ क्षमता १२०० मेगावॉट होती. सर्वांनी भराभर छायाचित्रे घेतली. बाई मात्र गप्प होत्या. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “बिश्केकला आमच्या घरात हिवाळ्यात या धरणाच्या विजेवर शेगडी चालते. माझी मावसबहीण खाली उझबेकिस्तानात नामंगानजवळ दिली आहे. त्यांची कापसाची शेती आहे. मला पाणी जानेवारीत सोडलेले हवे, तिला ते जुलैत हवे. पाणी मात्र एकच आहे.”

सोव्हिएत संघ होता तोवर याचा हिशेब मॉस्कोत होत असे. उन्हाळ्यात धरणाचे पाणी खालच्या शेतांना सोडायचे आणि हिवाळ्यात खालच्या प्रदेशाने वर कोळसा व नैसर्गिक वायू पाठवायचा. १९९१ साली हे प्रदेश स्वतंत्र देश झाले. इंधनाला पैसे मोजावे लागू लागले, तेव्हा किर्गिझस्तान हिवाळ्यात पाणी सोडून वीज करू लागला. मग खाली हिवाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात टंचाई! या भांडणात कोणा एकाला दोषी ठरवणे सोपे नाही. मला तरी ते जमले नाही. जानेवारी २०२३ मध्ये किर्गिझस्तान, कझाकस्तान आणि उझबेकिस्तान यांनी तोक्तोगुलच्या वर कंबराता येथे मिळून नवे धरण बांधण्याच्या आराखड्यावर सह्या केल्या. त्या मावसबहिणींचे गणित त्याने सुटले तर बरेच होईल.

ओशच्या पुढे सीमेवर बाईंचा निरोप घेऊन आम्ही फरगाना खोऱ्यात उतरलो. येथे नारिन आणि करादर्या या नद्या एकत्र येतात आणि सिरदर्या तयार होते. जिकडेतिकडे कालवे आणि कापूस. १९३९ साली सुमारे १ लक्ष ६० हजार लोकांनी कुदळ-फावड्यांनी अवघ्या दीड महिन्यात येथील मोठा कालवा खणला. असे कालवे वाढत गेले आणि सिरदर्या व अमुदर्या ज्या अरल समुद्राला मिळत, तो उपाशी राहू लागला. १९६० साली त्याचे क्षेत्रफळ सुमारे ६८ हजार चौरस किलोमीटर होते. म्हणजे महाराष्ट्राच्या एकपंचमांशाहून अधिक. आज त्याचे थोडेच तुकडे उरले आहेत. एके काळच्या मुइनाक बंदरात गंजलेली जहाजे वाळूत उभी आहेत. २००५ साली पुऱ्या झालेल्या बांधामुळे उत्तरेकडचा लहान तुकडा तेवढा सावरला आणि तेथे मासे परत आले.

ताश्कंदहून जलद आगगाडीने समरकंदला पोहोचलो. झरफशान नदीच्या खोऱ्यातील या शहरातील निळे घुमट तुम्ही चित्रांत पाहिले असतीलच. पाण्याचा माग क्षणभर सोडून मी उलुगबेगच्या वेधशाळेकडे धाव घेतली. तैमूरचा हा नातू राजा होता. पण त्याचा जीव रमला तो ताऱ्यांत. टेकडीच्या पोटात खोदलेल्या सुमारे ४० मीटर त्रिज्येच्या दगडी कमानीचा खालचा भाग आजही दिसतो. तिच्या साहाय्याने त्याने वर्षाची लांबी ३६५ दिवस ६ तास १० मिनिटे ८ सेकंद ठरवली. आजच्या नाक्षत्र वर्षाच्या मापापेक्षा ती केवळ ५८ सेकंदांनी जास्त आहे, आणि त्याच्याजवळ दुर्बीणही नव्हती! १४३७ साली त्याने हजारावर ताऱ्यांची सारणी पुरी केली. १४४९ साली मुलाच्याच हुकमाने त्याचा वध झाला आणि वेधशाळा मातीखाली गेली. १९०८ साली ती पुन्हा सापडली. तारे मात्र हरवले नव्हते. जयपूर, उज्जैन येथे वेधशाळा बांधणाऱ्या सवाई जयसिंगाने आपल्या ग्रंथासाठी याच सारणीचा आधार घेतला होता.

शेवटचा मुक्काम बुखारा. येथे पूर्वी प्रत्येक मोहल्ल्यात दगडी पायऱ्यांचा हौद असे आणि झरफशानच्या कालव्यातून तो भरला जाई. लोक पायऱ्या उतरून पाणी भरीत, आणि त्याच पाण्याबरोबर नारू पोटात जाई. इकडे त्याला ‘रिश्ता’ म्हणतात, अर्थ दोरा. आपल्याकडेही पायविहिरींच्या गावांतून हा जंत कसा पसरत असे, ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पाहा. नारूची पिले पाण्यातील सायक्लॉप्स नावाच्या बारीक जलचरांत वाढतात, हे १८७०च्या सुमारास याच भागात काम करताना अलेक्सेई फेदचेंको या तरुण शास्त्रज्ञाने दाखवले. तो १८७३ साली वयाच्या २९व्या वर्षी युरोपातील माँ ब्लां पर्वतावर मरण पावला. पामीर पर्वतातील सुमारे ७७ किलोमीटर लांबीच्या हिमनदीला पुढे त्याचेच नाव देण्यात आले. अलीकडे ताजिकिस्तानने ते बदलून ‘वांजयाख’ केले आहे. १९२०च्या दशकात बुखाऱ्यातील बहुतेक हौद उपसून बुजवण्यात आले, नळ आले आणि काही वर्षांतच नारू गेला. भारतातील नारूचा शेवटचा रोगी १९९६ साली आढळला.

परत निघण्याच्या आदल्या दिवशी, झरफशान संपते कोठे हे पाहण्यासाठी आम्ही चौघे भाड्याची मोटार करून कराकुलच्या बाजूला गेलो. ही नदी अमुदर्येला मिळत नाही, त्याआधीच संपते. चालकाने एका पुलावर गाडी थांबवली. खाली कालवा तुडुंब भरून वाहत होता. मी म्हटले, “म्हणजे झरफशानला अजून पुष्कळ पाणी आहे की!” तो हसला. ते पाणी झरफशानचे नव्हते. १९६५ सालापासून अमुदर्येचे पाणी पंपांनी उपसून बुखाऱ्याकडे आणले जाते. त्याच अमुदर्येवर २०२२ सालापासून अफगाणिस्तानही २८५ किलोमीटर लांबीचा नवा कालवा खणतो आहे, आणि त्याची बातमी चालकाला आमच्यापेक्षा अधिक तपशीलवार ठाऊक होती. मी पुन्हा खाली पाहिले. नदीच्या मागोमाग आम्ही ज्या दिशेला निघालो होतो, त्याच दिशेकडून पाणी आमच्याकडे येत होते.